सोळा जणांचं फाटक

वेंडेल ड्रेगरने आर्लिस स्कॉगस्टाडला पहिल्यांदा नीट पाहिलं ते आगीच्या सरावाच्या दिवशी. कारखान्यात तो नवा होता आणि नव्या माणसाच्या गळ्यात जी कामं घालतात त्यातलं एक त्याच्याही गळ्यात पडलं होतं. भोंगा वाजला की आपल्या मजल्यावरची सगळी माणसं बाहेर आली की नाही, हे त्याने बघायचं. जानेवारीची सकाळ होती. माणसं कोटाशिवाय बर्फात उभी राहून पाय आपटत होती आणि ज्याने ही वेळ ठरवली त्याच्या नावाने बोटं मोडत होती. डोकी मोजली तर एक कमी.

"आर्लिस असणार," तारांच्या खोलीतली व्हर्ना गुंथर दोन्ही हात काखेत खुपसून म्हणाली. "जा, आण तिला. पण ती लगेच उठेल अशा भ्रमात राहू नकोस."

वेंडेल आत धावला. त्या लांबलचक खोलीत भोंग्याने कान फाटत होते आणि दाराएवढ्या उभ्या चौकटीपुढे एक पन्नाशीची, उंच, मजबूत हाडापेराची बाई स्टुलावर बसून चिमट्याने तारेचं टोक खुंटीला लावत होती.

"आगीचा सराव चाललाय!" तो ओरडला.

"ऐकू आलं," ती मान न वळवता म्हणाली. "सरावच आहे ना?"

"हो, पण नियम..."

"मग खरी आग लागली की ताबडतोब येईन. आत्ता हे टोक सुटलं तर खुंटी पुन्हा शोधायला सकाळ जाईल माझी. उभाच आहेस तर तो दिवा जरा इकडे वळव."

आणि बाहेर सगळा मजला कुडकुडत असताना वेंडेलने दिवा वळवून धरला. टोक बसलं. तिने ते बोटाने दाबून पाहिलं, चिमटा खिशात टाकला आणि त्याच्या पुढे झपाझप चालू लागली. दाराशी मात्र थांबली. "तू डर्वुड ड्रेगरचा का रे? तुझ्या आजोबांनी आम्हाला एक बैल विकला होता. महाहट्टी निघाला."

बाहेर गेल्यावर सुरक्षा अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर तिची हजेरी घेतली. तिने शांतपणे ऐकून घेतलं, चूक कबूल केली आणि आत जाऊन पुढची तार उचलली. वेंडेलला वाटलं, ह्या बाईपुढे तो बैल गरीब असला पाहिजे.

स्कॉगस्टाडांकडे पूर्वी गाई होत्या. आर्लिसचा नवरा ऑर्विल याची कंबर गेली, गाई विकाव्या लागल्या आणि आर्लिस टॅमरॅक फॉल्स गावच्या ह्या कारखान्यात आली. इथे संगणक बनत, पण टेबलावर बसणारे नव्हेत. हवामानाचा अंदाज बांधणारी सरकारी खाती आणि मोठ्या प्रयोगशाळा घेतात तसले, कपाटाएवढे. एका यंत्रात एकच प्रोसेसर असायचा तोवर गोष्ट सोपी होती. मग एका कपाटात सोळा प्रोसेसर बसवायची टूम निघाली. काम वाटून द्यायचं, सोळा जणांनी एकदम करायचं. चौकटीच्या पाठीमागे हजारो खुंट्या असत आणि त्या खुंट्या एकमेकींना तारांनी जोडायच्या. हे काम गावातल्या बायका करत. ज्यांच्या हातच्या गोधड्यांना जत्रेत बक्षिसं मिळत, त्यांना तारांच्या खोलीत नोकरी मिळायला अडचण पडत नसे.

त्या खोलीचा एक धर्म होता. तार जितकी आखूड तितकी चांगली. तारेतून जाणाऱ्या निरोपालाही वेळ लागतो. हातभर तार वाढली की निरोप तेवढा उशिरा पोचतो. त्यामुळे सैल तार म्हणजे आळशी हात, असं तिथे प्रत्येक नव्या बाईला पहिल्याच दिवशी ऐकवलं जाई, आणि ऐकवणारी बहुतेक वेळा आर्लिस असे. तिची चौकट मागून पाहिली तर भांग पाडलेल्या केसांसारखी दिसे. दुसऱ्या खात्यातली माणसं पाहुणे आले की मुद्दाम तिची चौकट दाखवायला आणत. ती वर बघत नसे, पण कानांच्या पाळ्या लाल होत.

वेंडेलचं काम त्या सोळा प्रोसेसरांना एकमेकांसाठी थांबायला लावायचं होतं. त्याने त्यासाठी वेगळी विद्युत मंडलं आणि वेगळ्या तारा आखल्या होत्या. खोलीतल्या बायका त्या सगळ्या प्रकाराला 'फाटक' म्हणत. एकदा जेवणाच्या सुट्टीत आर्लिसने त्याला विचारलं, "हे तुझं फाटक करतं तरी काय? व्हर्ना म्हणते, काहीच करत नाही, नुसतं अडवतं."

"अडवतंच," वेंडेल म्हणाला. "समजा, शाळेत बाईंनी फळ्यावर एक गणित घातलं. ज्याचं झालं त्याने हात वर करायचा. सोळाही हात वर झाले की बाई म्हणणार, 'हात खाली, पुढचं गणित.' कारण पुढच्या गणितात सगळ्यांची उत्तरं लागतात. एखादा पुढे पळाला तर तो चुकीचे आकडे घेणार. प्रत्येकाकडून एक 'हजर' तार येते आणि प्रत्येकाकडे एक 'चला' तार जाते. बस, एवढंच."

"मग बाईंची गरज काय? एकमेकांना विचारून बसू देत की."

"तेही करता येतं. प्रत्येकाने सामायिक पाटीवर लिहायचं आणि सारखं जाऊन बघायचं, बाकीच्यांचं झालं का. पण सोळा जणं एका पाटीपाशी गर्दी करणार. गणितापेक्षा विचारण्यातच दिवस जाईल."

"आमच्या चर्चच्या स्वयंपाक समितीसारखं," व्हर्ना म्हणाली. "बटाटे कोणी सोलायचे हे ठरेपर्यंत अंत्यविधीची मंडळी जेवायला हजर."

नवं यंत्र त्या सरावानंतरच्या वर्षी, फेब्रुवारीत हवामान खात्याच्या माणसांना चालवून दाखवायचं होतं. आदल्या डिसेंबरात ते उभं राहिलं आणि अडायला लागलं. रोज नाही, कधी सकाळी, कधी दुपारी, मध्येच सोळाच्या सोळा प्रोसेसर फाटकापाशी थांबून राहत. कोणाची तरी वाट बघत. पण बघावं तर सगळे आलेले.

कारखान्याचा प्रमुख रॉजर हॉलेनबेक सरळ माणूस होता. त्याने कामगारांना कॅन्टीनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं. हवामान खात्याची माणसं येईपर्यंत फाटक चाललं तर उत्तम. नाही तर ते उपटून टाकायचं आणि थांबण्याचं काम प्रोग्रॅमवर सोपवायचं. यंत्र थोडं मंद होईल, पण अडणार तरी नाही. "आणि दुसरं," तो म्हणाला, आणि तारांच्या खोलीतल्या बायकांकडे बघायचं त्याने टाळलं नाही. "बाकी सगळी जोडणी पुढल्या वर्षी छापील पाट्यांवर, म्हणजे तारांऐवजी पाटीवरच छापलेल्या तांब्याच्या रेघांवर जातेय, हे तुम्हाला माहीत आहे. हाताने करायची म्हणून फाटकाचीच जोडणी उरणार आहे. ती गेली, तर खोली चालू ठेवायला माझ्याकडे कारण उरत नाही."

खुर्च्या सरकल्या, माणसं उठली. व्हर्नाने डबा बंद केला. "चला, मग मी मुलीला सांगते, चीजच्या कारखान्यात माझ्यासाठी जाळीची टोपी बघून ठेव."

 आर्लिस उठून थेट तपासणीच्या हॉलमध्ये गेली. वेंडेल कपाटापुढे गुडघ्यांवर बसला होता.

"मला काम दे," ती म्हणाली.

"तुम्हाला? इथे?"

"माझी चौकट झाली आहे. पुढची यायला वेळ आहे, आणि ते यंत्र अडत राहिलं तर ती येणारच नाही. मला इथलं कळत नाही, पण हात हलत नाही माझा. धरायला काहीतरी दे."

धरण्यासारखं खरंच होतं. स्कोप नावाच्या तपासणी-यंत्राच्या पडद्यावर निरोप हिरव्या रेघेसारखे दिसत, पण त्यासाठी बारीक सुई नेमक्या खुंटीवर टेकवून धरावी लागे, कितीही वेळ. वेंडेलचा हात थरथरत असे; कॉफी फार प्यायचा. आर्लिसने सुई धरली की रेघ दगडासारखी स्थिर. त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. ऑर्विल संध्याकाळी तिला घ्यायला यायचा आणि गाडीत हीटर लावून वाट बघत बसायचा. गाई विकल्यापासून त्याला कोणाची तरी वाट बघायची सवय राहिली नव्हती. ती आता लागली.

वेंडेलचा सगळा संशय स्वतःच्या चिपांवर होता. त्याने त्या एकेक करून बदलल्या. यंत्र अडलं. वीज देणारा भाग बदलला. अडलं. थंडीचा परिणाम असेल म्हणून हॉल तापवला, तर अधिक अडलं. जानेवारी सरला. सरोवरावर मासे धरायला लोकांनी बर्फावर खोपटी मांडली, शुक्रवारी संध्याकाळी क्लबात तळलेल्या माशांच्या ताटांभोवती कारखान्याची चर्चा रंगू लागली, आणि फाटकावर पैजा लागल्या.

"कोणावर लावलेस?" आर्लिसने व्हर्नाला विचारलं.

"वेंडेलच्या विरुद्ध. वाईट वाटून घेऊ नकोस. तू हरलीस की निदान मला तरी काही मिळेल."

"माझ्या नावाने फाटकाच्या बाजूने लाव."

"आर्लिस, तू ल्यूथरन चर्चची आहेस, पैज कधीपासून लावायला लागलीस?"

"नोकरी जायची वेळ आली तेव्हापासून. बटाटे इकडे सरकव."

वेंडेलच्या डोक्यात मग एक साधी युक्ती आली. दोन थांब्यांमध्ये भरपूर काम असलं तर यंत्र क्वचित अडायचं. म्हणून त्याने मध्ये जवळजवळ काहीच काम नसलेला प्रोग्रॅम लिहिला: हात वर, हात खाली, हात वर, हात खाली. कपात कॉफी ओतून होते न होते तोच यंत्र अडलं. पुन्हा चालवलं, पुन्हा अडलं. इतके दिवस लपंडाव खेळणारा बिघाड शेवटी समोर आला होता. वेंडेलने आनंदाने टेबलावर मूठ आपटली, आर्लिसने फक्त सुई पुसली आणि विचारलं, "आता कुठे धरू?"

सोळाही 'चला' तारांची टोकं त्यांनी एकामागून एक बघितली. चौदा ठिकाणी निरोप एकाच ठोक्याला पोचत होता. पहिल्या दोन प्रोसेसरांच्या पाट्यांवर, अगदी फाटकाच्या शेजारच्या, तो थोडा आधी येत होता. यंत्राच्या एका ठोक्याइतका आधी.

वेंडेल पडद्यावर वाकला. "समजलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "ह्या दोन पोरांना बाईंचं 'पुढचं गणित' आधी ऐकू येतं. गणित लहान असलं की त्यांचं होऊनही जातं आणि ती हात पुन्हा वर करतात. नेमकं तेव्हाच बाईंचं 'हात खाली' चाललेलं असतं. फाटक सगळ्यांबरोबर त्यांचा नवा हातही पुसून टाकतं. मग बाई त्यांच्या हाताची वाट बघतात आणि ती बाईंची. जन्मभर."

"आणि आधी का ऐकू येतं?"

"निरोप पाठवणारी माझी चिप. ती सोळा जणांना सारख्या वेळी पाठवत नसणार. बदलून काही झालं नाही, म्हणजे आखणीच चुकली. नवी आखायला सहा महिने लागतील." त्याने डोळे चोळले. "उद्या रॉजरला सांगतो, फाटक काढा म्हणून. दुसरं काय करणार."

तारांचा विचार त्याच्या मनालाही शिवला नव्हता. 'चला' तारा सगळ्या एकाच लांबीच्या हव्यात, असं त्याने आराखड्यात लिहिलं होतं आणि त्या आर्लिसने लावल्या होत्या. मग त्यात बघायचं काय?

आर्लिस मात्र उठून कपाटाच्या मागे गेली. मागचं दार उघडून ती वाकली. 'चला' तारा सगळ्यात आधी घातलेल्या, म्हणून सगळ्यात खाली होत्या. त्यांच्यावर थरांवर थर चढले होते. तिने खिशातून क्रोशाची सुई काढली आणि वरच्या तारा हलकेच बाजूला सारल्या. वेंडेलला तिची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ एकदम स्थिर झाली.

"वेंडेल," ती म्हणाली. "चिपेला बोल लावू नकोस. हे मी केलंय."

तो मागे आला. सुईच्या टोकाशी पहिल्या पाटीची तार दिसत होती. सरळ, आखूड, सुबक. दुसऱ्या पाटीचीही तशीच.

नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या मोसमात, ह्या भागातला कुठलाच कारखाना धड चालत नाही. अर्धी माणसं रानात असतात आणि उरलेली अर्धी त्यांच्या गोष्टी ऐकायच्या तयारीत. 'चला' तारा लावल्या त्या दिवसांत खोलीत ती एकटी होती. आराखड्यात सोळाही तारांना एकच लांबी दिलेली बघून तिला नवल वाटलं नाही. जुने अभियंतेही तसंच करत. सगळ्यात लांबच्या पाटीला पुरेल ती लांबी सगळ्यांपुढे लिहून टाकत आणि जवळच्या तारा बेतशीर कापायचं काम खोलीवर सोडत. मधल्या पाट्यांचा सैलपणा तिने कसाबसा दाबून बसवला. पण अगदी शेजारच्या दोन पाट्यांपाशी हातभर तारेचं वेटोळं उरत होतं. लोंबत्या आतड्यासारखं. ते तिला बघवेना. तिने ते कापलं.

"आयुष्यभर लांब तार कापत आले," ती म्हणाली. "ही लांबच हवी होती, हे मनातही आलं नाही."

"मीही कारण लिहायला हवं होतं," वेंडेल म्हणाला. "नुसता आकडा लिहिला."

"ते तू तुझ्या हिशेबात धर. माझं मला पुरेसं आहे. कोट घाल, रॉजरकडे जायचंय."

"थांबा. नीट विचार करा." वेंडेलने आवाज खाली आणला. "हाताने केलेल्या जोडणीत चूक निघाली असं सांगितलं तर तो खोली बंद करायलाच बसलाय. आपण गुपचूप दोन तारा बदलू. मी म्हणेन, चिपेचं निस्तरलं."

"आणि पुढच्या यंत्राची चौकट करणाऱ्या बाईने पुन्हा वेटोळं कापलं तर? तिला काय सांगू, चिपेचं निस्तरलं?" तिने दार लावलं. "चल."

रॉजरने दोघांचं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आर्लिस, तुम्ही काय करताय ते कळतंय ना? तुमच्याच खोलीला लावायचं कुलूप तुम्ही माझ्या हातात देताय. छापील पाटीला वेटोळं कुरूप वाटत नाही."

"खरं आहे," ती म्हणाली. आर्लिस त्याला लहानपणापासून ओळखत होती. चर्चच्या रविवारच्या शाळेत त्याला तिनेच शिकवलं होतं, त्यामुळे ती त्याला एकेरीतच बोलायची आणि तो तिला कधी एकेरीत बोलू शकला नाही. "पण छापील पाटी उठून तुझ्याकडे आली नसती, रॉजर. मी आले. मला तारा बदलायला परवानगी दे."

"दोनच चुकल्यात कशावरून?"

"माहीत नाही. म्हणून सगळ्या मोजणार."

"त्या तळाला आहेत."

"वरच्या काढीन. पुन्हा घालीन."

"हवामान खात्याची माणसं दोन आठवड्यांत येतायत."

"तोवर होईल."

"आणि एवढं करून फाटक अडलं तर?"

"तर काढून टाक. मी स्वतः काढून देईन. तेही नीटच काढावं लागतं, बाकीचं बिघडेल नाही तर."

 रॉजरने चष्मा पुन्हा चढवला. "तुम्ही मला पाठ करायला लावलेल्या प्रार्थना अजून येतात मला," तो म्हणाला. "त्यातली एखादी म्हणत बसतो. जा, करा."

खोलीत परतल्यावर तिने सगळ्या बायकांना जमवलं आणि काय घडलं ते आडपडदा न ठेवता सांगितलं.  व्हर्नाने हातातला चिमटा खाली ठेवला. "म्हणजे माझ्या सैल तारेसाठी तू मला अख्ख्या खोलीसमोर झापलं होतंस, आणि आता यंत्र तुझ्या घट्ट तारेने अडलंय?"

"हो."

"हे मी माझ्या थडग्यावर कोरून घेणार." तिने बाह्या वर सारल्या. "सांग, कुठून सुरू करायचं?"

वरचे थर काढायचे म्हणजे प्रत्येक तारेला खूण हवी. बायकांनी घरून गोधड्यांचा रंगीत दोरा आणला आणि प्रत्येक थराला वेगळ्या रंगाची गाठ मारली. शनिवारी नवरे मंडळी बर्फावर मासे धरायला गेली आणि बायका कारखान्यात आल्या. कोणी भाजलेल्या बटाट्यांची कढई आणली, कोणी लिंबाच्या वड्या. तळ उघडा पडल्यावर आर्लिसने 'चला' तारा एकामागून एक सोडवून पट्टीवर ताणून मोजल्या. तिच्या त्या दोन आखूड होत्याच. आणि 'हजर' तारांमध्ये एक तिसरी, बोटभर आखूड. ती व्हर्नाने लावलेली.

खोलीत हशा पिकला. व्हर्ना लालबुंद झाली. "बोटभरच आहे," ती म्हणाली.

"पुढे बोल," आर्लिस म्हणाली. "थडग्यावर अजून जागा असेल."

नव्या लांब तारा तिने बसवल्या आणि उरलेली वेटोळी चौकटीला दोऱ्याने बांधली. ते करताना तिचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं. मग थर पुन्हा चढवायला सुरुवात झाली. पाठ भरून यायची, डोळे चुरचुरायचे. बायका पाळीपाळीने उठायच्या, आर्लिस मात्र खुंटीवरून नजर काढत नसे. एकदा ऑर्विल कुबडीच्या आधाराने आत आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. ती म्हणाली, "एवढी ओळ झाली की निघू." तो खुर्ची ओढून बसला; ती ओळ किती लांब असणार ते त्याला माहीत होतं.

थर चढले. वेंडेलने तोच प्रोग्रॅम लावला: हात वर, हात खाली. स्कोपवर सोळाही निरोप एका रेषेत आले होते. कॉफी ओतली गेली. प्यायली गेली. दुपार झाली, पाळी बदलली, यंत्र चालत राहिलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी वेंडेलने हॉल मुद्दाम तापवला, मग दारं उघडून गार केला. चालत राहिलं. आर्लिस येता-जाता थांबून बघे, आणि 'अडलं का' असं न विचारता 'चालतंय ना' असं विचारे.

हवामान खात्याची माणसं उबदार प्रांतातून आली होती आणि पातळ बूट घालून बर्फात उतरली म्हणून सगळ्यांना त्यांची दया आली. त्यांनी आपले स्वतःचे प्रोग्रॅम चालवले. यंत्र एकदाही अडलं नाही. त्यांच्यातल्या एका तरतरीत बाईंनी चौकट मागून बघायची इच्छा दाखवली. एवढ्या नेटक्या जोडणीत तळाशी ती वेटोळी बघून त्यांनी विचारलं, "ही इथे अशी का?"

"गबाळं दिसतंय ना?" आर्लिस म्हणाली. "मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून मी कापली होती. मग तुमचं यंत्र दोन महिने अडलं. ती मुद्दाम लांब आहेत. त्यांना हात लावू देऊ नका कोणाला." वेंडेलने रॉजरकडे पाहिलं. रॉजर छताकडे बघत होता. पाहुण्या बाईंनी मान हलवली आणि ते टिपून घेतलं.

यंत्र विकलं गेलं. त्याच्यामागून तसली आणखीही गेली आणि त्या सगळ्यांची फाटकं हातानेच जोडली गेली. आराखड्यात वेंडेल आता प्रत्येक आकड्यापुढे त्याचं कारणही लिहू लागला, आणि खोलीत नवी बाई आली की तिला आर्लिस पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगायची: कुठली तार आखूड हवी आणि कुठली लांब, आणि शंका आली तर कापायच्या आधी विचार. बाकीच्या जोडणीसाठी छापील पाट्या ठरल्याप्रमाणे आल्याच. शेवटी फाटकही त्यांच्यावर गेलं. पण तोवर बरीच वर्षं गेली होती. व्हर्ना आणि आणखी दोघी निवृत्त झाल्या होत्या, बाकीच्यांना तपासणीच्या हॉलमध्ये कामं मिळाली होती आणि खोलीला कुलूप लागलं त्या दिवशी आत कोणीच नव्हतं.

आर्लिसने त्यानंतर निवृत्त होईपर्यंत वेंडेलच्याच हॉलमध्ये काम केलं. ऑर्विल जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती स्वतः नव्वदीला टेकली आहे, धाकट्या मुलीच्या घराशेजारी लहानशा घरात एकटी राहते आणि अंगणातला बर्फ अजून स्वतःच ओढते.